सारवलेलं घर

सगुणाबाईनं फुंकणी तोंडात धरली, डोळे मिटले आणि छातीत होता तेवढा वारा एकदम सोडला. काटा जरासा सरकला आणि थांबला.

"पुन्हा," डॉक्टर प्रभावती म्हणाली.

दुसऱ्यांदा फुंकताना सगुणाबाईच्या मानेच्या शिरा वर आल्या. तिसऱ्यांदा फुंकायच्या आधीच खोकला सुटला आणि तो थांबेना. सून बेबीनंदा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. सासूच्या पाठीवरून हात फिरवताना ती डॉक्टरीणबाईच्या तोंडाकडं बघत होती. शाळेत पोराचा निकाल लागताना आया बघतात, तसं.

फुंकणी म्हणजे दम मोजायचं मीटर. त्याचं खरं नाव या गावांत कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. चुलीजवळच्या फुंकणीसारखं तोंडाला लावून फुंकायचं, म्हणून बायकांनीच ते नाव दिलं, आणि पुढं पुढं प्रभावतीही तेच म्हणू लागली.

"एकशे साठ. मागच्या वेळेपेक्षा कमी. पंप दोन्ही वेळा घेता ना, सगुणाबाई?"

"घेते की बाई. सकाळ-संध्याकाळ. बिलकुल चुकत न्हाई."

"मग हे असं का?"

"काय म्हाईत. परवापर्यंत बराबर होते बगा. कालपासूनच जरा उबळ यून राह्यली."

"दर वेळी तुम्ही हेच सांगता. परवापर्यंत बराबर. अंकुशनगरच्या बायका हेच सांगतात, तिकडं अंबडकडच्याही हेच सांगतात. मी आले की नेमका दम बिघडतो का?"

सगुणाबाई ओशाळली. दारात बसलेला तिचा नवरा रखमाजी तंबाखू चोळता चोळता म्हणाला, "आमच्या घरात दोन पंप हैत, डाक्टरीणबाई. एक कपाशीवर मारायचा अन् एक हिच्या तोंडात मारायचा. कपाशीवरली अळी तरी मरती. हिचा दमा काय मरत न्हाई."

बेबीनंदा पदराआड हसली. सगुणाबाईही खोकत खोकत हसली. प्रभावती हसली नाही. शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या लोखंडी खुर्चीवर ती बसली होती. पायाखालची जमीन नुकतीच सारवलेली होती, शेणातल्या बोटांच्या कमानी अजून ओल्या होत्या. भिंतींना चुन्याचा हात दिलेला होता. उंबऱ्यापुढं रांगोळी होती. कपबशीतला चहा तिनं गार होऊ दिला आणि मग एका घोटात संपवला.

जीप गावाबाहेर पडून वाटूर फाट्याच्या रस्त्याला लागली, तेव्हा ड्रायव्हर साहेबराव म्हणाला, "सगुणाबाईंच्या घरचा चहा एक नंबर असतो, मॅडम."

"औषध घेत नाहीत ते लोक, साहेबराव. तोंडावर खोटं बोलतात आणि वर चहा पाजतात."

साहेबरावानं गिअर बदलला.

बारा वर्षं झाली होती. छातीच्या आजारांची मोठी पदवी घेतल्यावर तिच्या बरोबरच्यांनी औरंगाबादेत, जालन्यात आपापले दवाखाने थाटले. प्रभावतीनं सरकारी महाविद्यालयात शिकवण्याची नोकरी धरली आणि जालना जिल्ह्यातल्या जबर दम्याच्या रोग्यांचा अभ्यास हाती घेतला. जबर म्हणजे साध्या गोळीला न जुमानणारा, माणसाला रात्रंदिवस बसवून ठेवणारा दमा. अशी माणसं तिनं गावोगाव फिरून शोधली. मुंबईच्या एका संस्थेकडून त्यांच्यासाठी फुकट पंप मिळवले. दर चार महिन्यांनी प्रत्येकाच्या घरी जायचं, दम मोजायचा, घर बघायचं, पंप द्यायचे, असा नेम ठेवला. पंप मिळण्याआधी सगुणाबाईला दर हिवाळ्यात बैलगाडीत घालून परतूरच्या दवाखान्यात न्यावं लागे. पंप सुरू झाल्यापासून एकदाही नेलं नव्हतं.

पण आकडे वर चढत नव्हते. पहिल्या वर्षी नाही, पाचव्या वर्षी नाही, बाराव्या वर्षीही नाही. परदेशी मासिकानं तिचा एक निबंध परत पाठवला. तुमचे रोगी औषध घेत नसावेत, एवढाच यातून अर्थ निघतो, असं त्यांनी कळवलं. तिला राग आला होता. नंतर तिलाही तसंच वाटू लागलं, आणि तो राग तिनं गावोगावच्या बायकांवर काढायला सुरुवात केली.

डिसेंबरात विभागप्रमुख अण्णासाहेबांनी तिला खोलीत बोलावलं. तिला शिकवलं होतं त्यांनीच. पंप देणाऱ्या संस्थेच्या समितीवरही ते होते.

"संस्था आता पंप बंद करायचं म्हणते, प्रभा. त्याऐवजी गोळ्या देतील. स्वस्त पडतात."

"गोळ्यांवर ही माणसं जगणार नाहीत, सर. पंप आल्यापासून दवाखान्यात कुणाला भरती करावं लागलेलं नाही."

"त्याला रस्ते झाले, जीपा आल्या, शंभर कारणं सांगतील ते. पंपानं दम सुधारला असा आकडा दाखव. मी भांडतो तुझ्यासाठी."

आकडा नव्हता. ती उठून बाहेर आली. व्हरांड्यात विद्यार्थी तिला वाट देऊन बाजूला झाले, ते तिला दिसलेही नाहीत.

पौषात पुढची फेरी ठरली. निरोप नेहमीसारखा आठ दिवस आधी गेला. परतूरच्या एसटीच्या कंडक्टरकडं चिठ्ठी द्यायची, तो फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला द्यायचा आणि तिथून ती गावोगाव जायची. मंगळवार सांगितला होता. पण समितीची बैठक नेमकी मंगळवारी निघाली, म्हणून प्रभावती सोमवारीच निघाली. एका दिवसानं काय बिघडतं, असा तिनं विचार केला.

सगुणाबाईच्या अंगणात जीप शिरायला जागा नव्हती. गोधड्या, पत्र्याची पेटी, धान्याच्या कणग्या, डबे, देवघरातली भांडी, सगळं बाहेर काढलेलं होतं. पुढच्या खोलीत आढ्याला टेकेल एवढा कापूस रचलेला होता. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग हटत नव्हती, म्हणून यंदा सगळ्यांचाच माल घरात पडून होता. रखमाजी आणि एक गडी तो कापूस कवेत भरभरून मागच्या खोलीत नेत होते. दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात तूस आणि धूळ इतकी दाटली होती की पलीकडची भिंत दिसत नव्हती. बेबीनंदानं नाकातोंडाला पदर गुंडाळला होता. आणि मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात, कोपरापर्यंत शेणात हात घालून, सगुणाबाई उकिडवी बसून सारवत होती. तिच्या छातीतली शिट्टी प्रभावतीला दारातूनच ऐकू आली.

"व माय!" सगुणाबाई दचकून उठली आणि शेणाचे हात पाठीमागं लपवले. "तुम्ही उद्या येनार व्हत्या ना, बाई? आता कुठं बसवू मी तुम्हाला?"

"हे काय चाललंय?"

"काय न्हाई. जरा आवरून राह्यले. तुम्ही येनार म्हून."

"सकाळी दम कसा होता?"

"सकाळी? सकाळी बराबर होता की. हिरीवरून पानी आनलं, भाकरी केल्या."

प्रभावतीनं तिला हाताला धरून बाहेर आणलं, अंगणात टाकलेल्या बाजेवर टेकवलं आणि फुंकणी पुढं केली. काटा दीडशेच्याही अलीकडं थांबला.

"दर वेळी हे करता तुम्ही? मी यायच्या आधी?"

उत्तर रखमाजीनं दिलं. अंगभर तूस चिकटून तो म्हाताऱ्या मेंढ्यासारखा दिसत होता. "मंग! कुनाच्याबी घरी इचारा. डाक्टरीणबाईचा निरोप आला का दिवाळी. खऱ्या दिवाळीला एवढी झाडलोट व्हत न्हाई आमच्यात."

"आणि उन्हाळ्यातल्या फेरीला?"

"तवा कडबा हलवायचा, माळवदावरली माती झटकायची, चुना मारायचा. काम कमी हाय का."

प्रभावती बाजेच्या कडेवर बसली. घरात कापूस साठवता का, हा प्रश्न तिनं बारा वर्षं विचारला होता. "साठवतो की थोडा," असं उत्तर मिळे. ती खोलीभर नजर फिरवी. तिथं सारवलेली जमीन आणि एक खुर्ची दिसे. घरातल्या धुळीचा या दम्याशी संबंध आढळत नाही, असं तिच्या छापून आलेल्या निबंधात लिहिलेलं होतं.

मग तिचा तोल गेला. "अशानं मराल तुम्ही, सगुणाबाई! कळतं का? मी कधी म्हटलं होतं घर सारवा म्हणून? एकदा तरी म्हटलं?"

सगुणाबाईनं मान खाली घातली. दम खात, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "म्हनावं, कशाला, लागतं, बाई?"

त्या दिवशी प्रभावती बाकीच्या घरीही गेली. सगळीकडं सामान अंगणात होतं आणि आत केरसुणी चालू होती.

मंगळवारच्या बैठकीआधी तिनं अण्णासाहेबांना सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे बारा वर्षांचे आकडे..."

"कामाचे नाहीत. त्यांच्या रोजच्या दिवसाचा दम मी मोजलाच नाही. मी आल्यानं बिघडलेला दम मोजला."

"हे समितीपुढं लिहून देणार?"

"नाही दिलं तर पंप बंद होतील."

"तुझे दोन निबंध छापलेत यावर. पुढच्या वर्षी तू प्राध्यापक व्हायची आहेस. हे लिहिलंस तर ज्यांना तुझी खुर्ची हवीय, ते हेच कागद फडकवतील." ते जरा थांबले. "आणि नुसतं आधीचं चुकलं म्हणून भागत नाही. खरा आकडा कुठाय?"

"आणते."

"महिनाभर थांबवतो मी त्यांना. त्याच्यावर माझ्या हातात नाही."

पहिल्यांदा तिनं निरोपातच लिहिलं, झाडलोट करू नका, घर आहे तसं असू द्या. गेली तर सगुणाबाईचं घर लख्ख होतं आणि सगुणाबाई धापा टाकत होती.

"तुम्ही म्हनल्या झाडू नका. म्हून झाडलं न्हाई, बाई. नुसतं सारवलं. अन् कापूस तेवढा आत टाकला. तुम्ही काय कापसावर बसनार व्हत्या का?"

तिच्या बोलण्यात आडमुठेपणा नव्हता, उलट लाड होता. प्रभावतीनं हात जोडून पाहिले, रागावून पाहिलं, छातीतल्या नळ्यांचं चित्र काढून दाखवलं. सगुणाबाईनं सगळं समजल्यासारखी मान हलवली. "बरं बरं," ती म्हणाली. आणि बेबीनंदाला चहा ठेवायला सांगितलं.

महिन्यातले दिवस सरत होते. शेवटी एका सकाळी प्रभावतीनं साहेबरावाला जीप काढायला सांगितली.

"निरोप न्हाई गेला, मॅडम."

"माहीत आहे."

साहेबराव किल्ली हातात घेऊन उभाच राहिला. "असं न सांगता तर धाडवाले जातात. नाहीतर वसुलीवाले. लोकांना कसं वाटंल?"

"चला, साहेबराव."

सगुणाबाईच्या अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. बेबीनंदा जात्यापाशी बसली होती, ती जीप बघून उठली आणि आत पळाली. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग सगुणाबाई दारात आली. तिनं दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले. तिच्या मागं आढ्यापर्यंत कापूस होता, त्याच्यावर गोधड्या फेकलेल्या होत्या आणि खालच्या मोकळ्या जागेत एक शेळी बांधलेली होती.

प्रभावतीनं पायरीवर पाय ठेवला.

"आत नका येऊ, बाई," सगुणाबाई म्हणाली.

प्रभावतीचा पाय आपोआप खाली आला.

हे वाक्य तिनं लहानपणी, तिच्या स्वतःच्या गावात, फार वेळा ऐकलं होतं. आई मजुरीची ज्वारी घ्यायला जाई तेव्हा ती आईच्या लुगड्याला धरून असे. धम्म घेतला तेव्हापासून आईनं कुणाच्या दारी मागायला जाणं सोडलं होतं, पण कामाची ज्वारी घ्यायला जावंच लागे. आई पायरीच्या खाली उभी राही आणि वरून पदरात दाणे पडत. पुढं शिक्षण झालं, नोकरी लागली, आणि ती या गावांत हिंडू लागली. इथं तिच्यासाठी उंबऱ्यापुढं रांगोळी असे, खुर्ची असे, शेणानं नुकती सारवलेली जमीन असे. ओल्या सारवणावर आपलं पाऊल उमटू नये, म्हणून ती जपून आत जाई. आत जाताना छातीत काहीतरी सुखाचं हलायचं. त्याविषयी ती कुणाशी कधी बोलली नव्हती. ती जमीन कुणी सारवली आणि सारवताना तिचं काय झालं, हे विचारायचं तिला बारा वर्षांत सुचलं नव्हतं.

सगुणाबाईला यातलं काही ठाऊक असेल, नसेल. ती चौकट सोडत नव्हती.

"घर दाखवन्यासारखं न्हाई आज," ती म्हणाली. "लई घान हाय."

"राहू द्या. मी इथंच उभी राहते. एकदा फुंका फक्त."

सगुणाबाई पायरी उतरून अंगणात आली. दार तिनं मागं ओढून घेतलं. फुंकणी हातात घेतली, प्रभावतीकडं न बघता तोंडाला लावली आणि फुंकली. काटा सरळ पुढं गेला, नेहमीची जागा ओलांडून गेला. प्रभावतीनं पुन्हा फुंकायला लावलं. काटा तिथंच गेला.

"दोनशे नव्वद," प्रभावती म्हणाली. तिचा आवाज तिलाच चोरटा वाटला.

"चांगलं हाय का वंगाळ?"

"इतकं चांगलं कधीच आलं नव्हतं, सगुणाबाई. तुम्ही खरंच पंप घेत होता."

"घेतच व्हते. सांगतच व्हते मी." सगुणाबाईनं फुंकणी पदरानं पुसून परत दिली. "झालं का तुमचं?"

"झालं."

बेबीनंदा खिडकीच्या गजाआडून बघत होती. कुणी खुर्ची आणायला शेजारी गेलं नाही. चुलीवर आधण चढल्याचा आवाज आला नाही.

"तुम्हाला म्हून सांगते, बाई," सगुणाबाई हळूच म्हणाली. "मानसानं मानसाच्या घरी असं येऊ न्हाई. पुढल्या बारीला तरी सांगून या. याल ना?"

प्रभावतीनं फुंकणी पिशवीत ठेवली. पिशवीचा बंद दोनदा बांधला, दोनदा सुटला.

"नाही," ती म्हणाली. "सांगून नाही येणार."

कोंबड्यांना उगीच हात करून हुसकत सगुणाबाई दाराकडं गेली, आणि दार तिच्यामागं लागलं.

गल्लीच्या टोकाला तुळजाबाईचं घर होतं. तिचा दम सगुणाबाईपेक्षाही वाईट होता. जीपचा आवाज तिच्या घरी पोचला होता, कारण प्रभावती चालत तिथवर जाईपर्यंत आत केरसुणी चालू झाली होती. जोरात, घाईघाईनं, आणि मधेमधे खोकल्यानं तुटत.

प्रभावती अंगणाच्या बाहेरच थांबली. साहेबराव मागून येत होता, तोही थांबला.

"तुळजाबाई!" तिनं तिथूनच मोठ्यानं हाक मारली. "झाडू नका! मी आत येणार नाही. मी बाहेरच बसते."

आतली केरसुणी थांबली. आजूबाजूच्या दारांतून माणसं डोकावू लागली. प्रभावतीनं साडी सावरली आणि पायरीच्या खाली, मातीत, ती बसली.